हळदणकरांशी बरोबरी

जलरंग शिकायचे तर एखाद्या उत्तम चित्राची नक्कल करावी, असं जाणकार सांगतात. त्यांच्या मनात झाड, झोपडी, मागे डोंगर असं काहीतरी असतं. मी सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ निवडलं. सुरुवात करायचीच तर वरून करावी.

हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिलेलं असणार. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा आणि बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. पुष्कळांना ते रविवर्म्याचं वाटतं. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. हळदणकरांनी हे रंगवलं १९४५-४६ च्या सुमारास, आपल्या लेकीला, गीताला, समोर उभं करून. तेही तैलरंगात नव्हे, जलरंगात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. माझ्या हातून ते वाचलं.

तैलरंगात बिघडलं तर वरून थर चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. ज्योतीची जागा सोडायची आणि भोवतीचा अंधार रंगवायचा. हा सिद्धांत मला तोंडपाठ होता. घरात कुणी विचारलं नव्हतं, तरी मी तो सगळ्यांना समजावून सांगितला.

यवतमाळचा मे महिना, पारा चव्वेचाळीसवर. पार्श्वभूमीचा वॉश डावीकडून उजवीकडे नेईपर्यंत डावी बाजू खडखडीत वाळलेली. म्हणून टेबल कूलरपुढे ओढलं. कूलरने कागद ओला ठेवला, शिवाय पदरचे चार थेंबही टाकले. अर्धवट वाळलेल्या रंगात थेंब पडला की तो रंगाला बाजूला रेटतो आणि दातेरी कडांचा डाग उठतो. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, “अरे बाप्पा! भिंतीले ओल लागली वाटते!”

ब्रश धुवायला पाण्याची दोन भांडी लागतात; एक गडद रंगांसाठी, एक फिक्या. पण २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ दाखवला, तेव्हापासून आमच्याकडे पाण्याचा हिशेब कडक. “एकच ग्लास भेटन,” बायकोने बजावलं, “अन् धुतलेलं पाणी फेकू नका, कुंडीत टाका.” साडीचा जांभळा ज्या पाण्यात धुतला, त्यातच चेहऱ्याचा पिवळा कालवला. हे दोन रंग एकमेकांचे वैरी. भेटले की मातकट होतात. चेहऱ्यावर आमच्या कापसाच्या जमिनीची छटा उतरली. स्थानिक रंग म्हणतात तो हाच असावा.

ज्योत तेवढी कोरी राहिली होती. तिथे मी काहीच केलं नव्हतं, त्यामुळे तेवढीच जागा सुरेख दिसत होती, आणि नेमकं तेच बघवेना. इतकी मेहनत करून मधोमध रिकामा कागद? जरासा पिवळा लावला. तो फिका वाटला म्हणून नारिंगी. नारिंगीला उठाव यावा म्हणून तपकिरी कड. मग गेलेला उजेड परत आणायला ट्यूबमधला पांढरा. ओल्या तपकिरीत तो मिसळला आणि करडा झाला.

पुसदहून आलेल्या भाच्याने चित्र हातात घेऊन निरखलं. “मामा, लाइन गेल्यावरची बाई काढली का?”

“मग तिच्या हातात टॉर्च द्या नं,” आतून बायको म्हणाली.

सूचना रास्त होती. मी ब्रश उचललासुद्धा, पण ग्लासातलं पाणी कुंडीत गेलं होतं.