जपानने धाडलं घोडं

किटवाला इंग्लंडात कुठेही सापडतो, पण कॉव्हेंट्रीच्या आसपास जरा दाट सापडतो. या गावाने पिढ्यान्‌पिढ्या सायकली, मोटारसायकली आणि मोटारी बनवल्या. बरेचसे कारखाने गेले, हाताला लागलेली पान्यांची सवय तेवढी राहिली. ती भागवायला माणसं संध्याकाळी गॅरेजात जातात आणि आतून कडी लावून मोटार बनवतात. आमच्या भिंतीला भिंत लावून असाच एक राहतो. साठी उलटलेली, अंगात डांगरी, कानावर पेन्सिल. ‘कसे आहात?’ म्हटलं तर आधी हवेचं तपमान सांगतो, मग बॅटरीचे व्होल्ट, आणि प्रकृतीचं सांगायचं राहूनच जातं.

या पंथाचे मूळपुरुष कॉलिन चॅपमन. त्यांनी १९५७ साली लोटस सेव्हन काढली: दोन माणसं, चार चाकं, दार नाही, छप्पर असलं तर कापडाचं. तयार मोटारीवर त्या काळी खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोकांनी सुट्या भागांची खोकी, म्हणजे किट, घरी आणून गाडी स्वतः जोडायची. सोबत जोडणीची पुस्तिका दिली तर कर लागेल, म्हणून कंपनी गाडी खोलायची पुस्तिका द्यायची आणि गिऱ्हाइकाने ती उलटी वाचायची, असं आमचा शेजारी सांगतो. हे सांगताना त्याचा चेहरा एखाद्या कीर्तनकाराचा होतो. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार घरी कशी बनवावी याचं पुस्तक लिहिलं आणि अनेक संसार गॅरेजात गेले. शेजाऱ्याकडे त्याची ग्रीस लागलेली प्रत आहे. अडीचशेचा आकडा त्याने नुसत्या नटबोल्टांत ओलांडला, असं त्याची बायको म्हणते. तो यावर बोलत नाही. पावत्या कुठे आहेत, हेही बोलत नाही.

इथवर ठीक होतं. चासी झाली, सिएरा गाडीचं जुनं डिफरन्शियल बसलं. मग याच्या डोक्यात आलं की इंजिन मोटारीचं नको, मोटारसायकलचं हवं. कारण? हलकं आणि तापट. १९९८ साली आलेलं यामाहाचं आर-वन इंजिन: ९९८ सीसी, दीडशे अश्वशक्ती, चार कार्बोरेटर. आपल्याकडे घरचं झालं थोडं की व्याही घोडं धाडतो; इथे जपानने एकदम दीडशे धाडले, आणि तेही उन्हाळ्यात पळायच्या बोलीवर.

खरी गंमत पुढे आहे. इंग्लिश माणसाचं निम्मं आयुष्य तक्रारीत सुखाने जातं. गाडी उशिरा आली की रेल्वेला पत्र, चहा गार निघाला की मॅनेजरला. पण स्वतः बांधलेली मोटार सुरू झाली नाही तर कोणाला लिहायचं? कारखाना हाच, शोरूम हीच, सर्व्हिस सेंटर हेच आणि काउंटरच्या अलीकडे ताटकळणारं गिऱ्हाईकही हेच. त्यावर याने तोड काढली आहे. गॅरेजात खिळ्याला एक वही टांगली आहे. गिऱ्हाईक म्हणून तो तीत डावीकडे तक्रार लिहितो, चहा पिऊन येतो आणि कंपनीतर्फे उजवीकडे उत्तर देतो. कंपनीची भाषा अतिशय सभ्य असते. आजवर एकाही उत्तरात तिने चूक कबूल केलेली नाही.

थंडी सुरू झाली की वही भराभर भरते. सुज्ञ किटवाले नोव्हेंबरात गाडी झाकून ठेवतात आणि मे महिन्यात प्रदर्शनाला बाहेर काढतात. आमच्याचं म्हणणं, यंत्र पडून राहिलं की बिघडतं. म्हणून जानेवारीतल्या एखाद्या रविवारी, गवतावर पांढरं दहिवर पडलेलं असताना, तो पायमोज्यावर पायमोजा चढवून त्या पाळण्याएवढ्या जागेत शिरतो. चोक पूर्ण ओढतो. पेट्रोलची टाकी मागे, कार्बोरेटर पुढे. त्यांतलं जुनं पेट्रोल आठवडाभरात उडून गेलेलं असतं, म्हणून पंपाची टकटक थांबेपर्यंत मान तिरकी करून ऐकत बसतो. मग बटण.

घर्र. घर्र. घ.

कारण विचारायची खोटी, व्याख्यान सुरू. मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल. थंडीत ते काकवी होतं, आणि स्टार्टरला इंजिनासोबत गिअरचे दातेही त्या काकवीतून ओढावे लागतात. क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या, त्या एकमेकींना चिकटून बसतात. बॅटरी मोटारसायकलची, दहा-बारा अँपियर-अवरची. थंडीत तिचीही ताकद उतरते. जी काही उरते ती सगळी स्टार्टर खातो आणि ठिणगीच्या वाट्याला काही राहत नाही. तोवर चोकमुळे प्लग ओले. ‘म्हणजे इंजिनाचा दोष नाही,’ तो समारोप करतो. ‘मग मोठी बॅटरी बसवा की,’ मी म्हटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सोवळ्यातल्या माणसाला शिवलो. वजन वाढेल ना! या माणसाने ग्रॅम वाचवायला सीटच्या पट्ट्यांना भोकं पाडली आहेत. नाताळात त्याच्या स्वतःच्या पोटावर जे चढलं, ते हिशेबात धरत नाहीत.

मी पडलो पिंपरी-चिंचवडचा. आमच्याकडे पूर्वी चेतक स्कूटर सुरू झाली नाही की आडवी करायची, उभी करायची आणि किक मारायची. एकदा गमतीने ते सांगून बसलो. त्याने कानावरची पेन्सिल काढली. ‘किती अंशांत आडवी?’ मग स्वतःच मान हलवली. मोटारसायकल वळणावर झुकते म्हणून तेल जागच्या जागी राहतं. मोटार झुकत नाही, तेलच एका अंगाला पळतं. त्यासाठी त्याने तळाच्या तेलपात्रात पत्र्याच्या भिंती घातल्या आहेत. आडवी केली तर भिंतींचं काय होईल, सांगता येत नाही. तरी वहीत नोंद झाली: ‘भारतीय पद्धत. विचाराधीन.’

मागल्या जानेवारीत त्याने धक्का मारायचं ठरवलं. मी आणि त्याची बायको मागे, तो आत, दुसरा गिअर टाकलेला. गाडी हलकी, गॅरेजसमोरचा उतार बरा, वेगही आला. त्याने क्लच सोडला मात्र, मागची चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी दहिवरावरून तशीच घसरत निघाली. इंजिन ढिम्म! उताराच्या शेवटी शेजारणीच्या कचऱ्याच्या डब्याने गाडी अडवली. आता मागे घ्यायची, तर मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स नसतो. कायद्याला हवा म्हणून याने विजेवर चालणारा बसवलाय, तोही त्याच बॅटरीवर.

शेवटी बायकोने आपली छोटी हॅचबॅक आणली. जंपर केबल लावल्या. तिने किल्लीला हात घातला तसा हा ओरडला, ‘सुरू करू नकोस! तुझ्या अल्टरनेटरने माझा रेग्युलेटर जळेल.’

‘म्हणजे तुझी सुरू व्हायला माझी बंद पाहिजे?’

‘बरोबर.’

‘लग्नातही तेच झालं,’ ती माझ्याकडे बघून म्हणाली.

गाडी सुरू झाली. चार नळकांड्यांनी एकदम गळा काढला, तीन घरांचे पडदे हलले. तेल तापल्याशिवाय रेस करायची नाही, म्हणून तो काट्यावर डोळे लावून बसला. काटा जेमतेम हलला असेल, तेवढ्यात वळणावर पिवळा दिवा फिरताना दिसला. आमच्या रस्त्यावरून बस जाते, त्यामुळे मीठ फेकणारी लॉरी नेमाने येते. मीठ म्हणजे चासीला गंज. ‘आत घ्या, आत घ्या!’ तो किंचाळला. मी म्हटलं, विजेचा रिव्हर्स टाका. ‘नको! बॅटरी आत्ता कुठे चार्ज व्हायला लागलीय.’

तेव्हा इंजिन फुरफुरत असताना, दीडशे घोडे जुंपलेली ती गाडी आम्ही तिघांनी ढकलत उतारावरून वर गॅरेजात नेली. त्याने इंजिन बंद केलं, हातमोजे काढले, वही उघडली. डावीकडे लिहिलं: ‘गाडी बाहेर नेता आली नाही.’ चहाला गेला नाही. उत्तर तयार होतं. उजवीकडे: ‘गाडी उत्तम चालू आहे. रस्ता खारट आहे. कंपनी जबाबदार नाही.’