प्लॉटवाले भाऊ

वर्धा रोडवर जामठ्याचं स्टेडियम मागे पडलं की बुटीबोरीपर्यंत कमानी लागतात. कमानीच्या आत शेत असतं, शेतात चुन्याच्या रेघा असतात आणि कमानीखाली गॉगल लावलेले भाऊ.

भाऊ ‘प्लॉट’ म्हणत नाहीत, ‘लाइफस्टाइल’ म्हणतात. बुटीबोरीची एमआयडीसी सरकारदरबारीच पंचतारांकित. त्यामुळे हे विशेषण भाऊंना फुकटात मिळालं. अंतर ते मिनिटांत मोजतात. एम्स बारा मिनिटं, विमानतळ पंधरा. कोणत्या गाडीनं, ते विचारायचं नाही. केंद्रानं डिसेंबर 2022 मध्ये नागपूर मेट्रोचा 43.8 किलोमीटरचा दुसरा टप्पा मंजूर केला, त्यात मिहान-बुटीबोरी मार्ग आहे. भाऊंच्या माहितीपत्रकात ती मेट्रो तेव्हापासूनच धावते आहे, आणि तिच्यात बसायला जागाही मिळते.

त्याच पत्रकात हिरवळीवर एक गोरं कुटुंब आहे, सोबत सोनेरी केसांचा कुत्रा. कंपनीतून शिफ्ट करून आलेला माणूस मात्र कुठल्याच पानावर नाही. साइटवरचा कुत्रा भाऊंच्या गाडीखाली झोपलेला, कारण लेआउटवर सावली तेवढीच.

“काकू, इथं तुमचा मॉर्निंग वॉक!”

काकू छत्री सावरत विचारतात, “अन् पाणी कुठून येते?”

“पाण्याचं टेन्शन काहून घेता? समोर स्विमिंग पूल येऊन राह्यला न!”

काका निवृत्तीच्या पैशांचा हिशेब करत उभे. भाऊ त्यांना ‘सर’ म्हणतात, टोकन दिलं की ‘काका’ आणि रजिस्ट्रीनंतर फोन उचलत नाहीत. त्यात वाईट हेतू नसावा. तोवर दुसरे सर गाडीत बसलेले असतात.

स्वतः भाऊ जुन्या बुटीबोरीत दोन खोल्यांत भाड्यानं राहतात. तिथं नळ येतो.

“तुम्ही नाही घेतला का इथं?”

“घेतला न! विकला बी.”

एवढं खरं बोलणारा माणूस या धंद्यात विरळा, म्हणून मला ते आवडतात. तरी सांगतो. 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराच्या नोंदणीत असलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापावाच लागतो. भाऊंच्या फलकावर तो खाली कोपऱ्यात, त्याच सोनेरी कुत्र्याच्या शेपटीपाशी आहे. टोकन देण्याआधी जरा वाका आणि तो स्कॅन करा. एनएचा आदेश, सातबारा अन् मंजूर नकाशा मागा. आणि साइट पाहायला मे महिन्यात, भर दुपारी जा.