नमुना नंबर चार

जत तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामरोजगार सेवकाला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नाही. रोजगार हमीवर काम मागायचा अर्ज म्हणजे नमुना चार, म्हणून हाही 'नमुना चार'. लग्नाच्या पंगतीत जिलेबीचं ताट लांबून गेलं, तर हा वाढप्याला ओरडून सांगतो, "मागणी नोंदवलीय बरं का!"

गावात कुणी साहेब आला की सरपंचाच्या आधी हा पुढं. रोजगार हमी दिल्लीवाल्यांना सुचली असं साहेबाला चुकूनही वाटू नये, ही त्याची मोठी काळजी. "सायेब, केंद्राचा कायदा २००५ चा. आमचा १९७७ चा! वि. स. पागेसायबांनी त्याच्याही आधी विसापुरात करून बघितलं. हितनं जवळच." विसापूर तासगाव तालुक्यात, म्हणजे अजिबात जवळ नाही, पण जिल्हा एकच असल्यामुळं तो पागेसाहेबांना भावकीत धरतो. मग मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापून खेड्यातल्या माणसाला काम कसं दिलं, हे तो अशा थाटात सांगतो, की तो कर जणू यानंच कात्री घेऊन कापला होता. साहेब चहा संपवून गाडीत बसले तरी काचेबाहेर याचं १९७९ पर्यंत पोचायचं बाकीच असतं.

त्याचं खरं रूप बघायचं तर नाल्याच्या कामावर जावं. २०२३ पासून हजेरी मोबाईलवर आली. सकाळी एक फोटो, दुपारी एक. तेव्हापासून नमुना चार फोटोग्राफर झाला. "वैनी, पदर बाजूला घ्या, तोंड दिसंना. काका, टिकाव खाली घ्या, मागचा झाकतोय. हलू नका... हलू नका... गेली रेंज!" मग काढलेल्या मातीच्या ढिगावर चढून, हात आभाळाकडं करून तो रेंज शोधतो आणि खाली बाया पाट्या घेऊन देवाच्या मूर्तीसारख्या उभ्या. वैशाखात बाया तांबडं फुटायच्या आधी येतात, ऊन चढेपर्यंत ठरलेली माती काढून मोकळ्या होतात. पण घरी जायचं नाही. दुपारचा फोटो राहिलाय! मग बाभळीच्या सावलीत सगळ्या बसून राहतात. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेले एक आबा शेळ्या घेऊन तिकडून जातात. ते एकदा म्हणाले, "आमच्या येळंला सायेब खड्डा मोजायचा. तुमचा माणसं मोजतोय."

नमुना चारनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण तेवढ्यात एका वैनीनं पैशाचं विचारलं होतं. "पैसे पडलं का?" या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं : "एफटीओ झालाय." दोन महिने हेच ऐकल्यावर कामावरच्या एक आक्का म्हणाल्या, "त्या एफटीओसायबाला एकदा जेवायला बोलवू या. मटण करती." एफटीओ हा माणूस नसून पैसे सोडायचा आदेश आहे, हे पटवायला त्याला अर्धा तास लागला. आक्कांना अजूनही तो साहेब यानं लपवून ठेवलाय असंच वाटतं.

तसा बिचारा. वर्षानुवर्षं त्याचं मानधन मजुरीवरच्या खर्चाच्या टक्क्यावर होतं. गावात काम निघालं नाही तर याची चूलही थंड असायची. त्याची बायको पाणी भरताना चारचौघींत विचारायची, "गावाला शंभर दिसांची हमी देत्यात. ह्येंच्या पगाराची हमी कोण देतंय?"

इतका कायदा पाठ, पण एका ठिकाणी तो अडतो. मागणीच्या पावतीवर तारीख घालायची वेळ आली की त्याला काहीतरी होतं. तारीख पडली की १५ दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकारी भत्ता. आणि भत्त्याचा विषय निघाला की वरून पहिला फोन यालाच. म्हणून अर्ज घेतो, सही करतो, शिक्का मारतो, शिक्क्यावर फुंकर घालतो. तारखेची जागा कोरी. विचारलं तर "ती वरनं पडंल."

परवा आक्का हटून बसल्या. त्यांच्या बचत गटाच्या कुठल्याशा बैठकीत कुणीतरी त्यांना तारखेचं महत्त्व सांगितलं होतं.

"तारीख घाल."

"आक्का, पेन चालंना."

आक्कांनी नातवाला हाक मारली. पोरगं दप्तरासकट आलं. त्यातून तीन पेनं निघाली. तिन्ही आक्कांनी आधी स्वतःच्या तळहातावर चालवून बघितली आणि त्यातलं एक पुढं केलं. नमुना चारनं ते घेतलं. भिंतीवरच्या कालनिर्णयकडं बराच वेळ बघितलं.

"आक्का," तो म्हणाला, "तिथी घातली तर चालंल का?"