खासगी बाब, दोन प्रतींत

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तेव्हापासून तो हक्क आपण झेरॉक्सच्या दुकानात पाठपोट काढून वाटत आलो आहोत.

लॉजवर खोली हवी? आधार. लग्नाचा हॉल? आधार, वर वधूवरांचंही. खासगी कंपन्यांना आधार-पडताळणीची मुभा देणारी कलम 57 मधली तरतूद याच न्यायालयाने 2018 साली रद्द केली, पण ही बातमी काउंटरमागच्या मुलापर्यंत पोचलेली नाही. मागे रांग तुंबलेली असताना ती पोचवायची छाती आपलीही होत नाही. शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार फुकट मिळतं. ते पुढे करून पाहा! खोटी नोट पारखावी तसा तो मुलगा कागद उजेडात धरतो.

सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर तर सार्वजनिक वाचनालयच. नाव, मोबाईल, कोणाकडे, कशाला. आपलं लिहीपर्यंत वरच्या दहा जणांचं वाचून होतं, आणि तिसऱ्या मजल्यावर इस्टेट एजंट का येतोय यावर मत तयार होतं. 2023 चा विदासंरक्षण कायदा डिजिटल माहितीपुरता. दोरीला बांधलेलं बॉलपेन त्याच्या कक्षेबाहेर.

“लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?” सोसायटीचे अध्यक्ष विचारतात. सभेत कोणी रंगकामाची कोटेशनं मागितली, की म्हणतात, “ती कमिटीची अंतर्गत बाब आहे.”