अस्सल पंपाची पारख: खानदेशातील स्पोर्ट्स कारधारकांकरिता

ज्या गृहस्थाने सर्व हितचिंतकांचा सल्ला धुडकावून, धुळे अथवा जळगाव जिल्ह्याच्या हद्दीत, दोनच माणसे बसतील अशी, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच आणि जिचा कारखाना बंद होऊन बराच काळ लोटला आहे अशी स्पोर्ट्स कार बाळगण्याचे धाडस केले आहे, त्याच्या आयुष्यात केव्हा ना केव्हा तो दिवस उगवतोच, की ऐन वैशाखात, भर दुपारी, पारोळ्याच्या अलीकडे गाडी दोन आचके देऊन उभी राहते आणि जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकमधून कोणी क्लीनर वाकून पृच्छा करतो, ‘काय भाऊ, पेट्रोल सरी गयं का?’ पेट्रोल सरलेले नसते. ते टाकीत असते, आणि इंजिनाला ते हवेही असते. परंतु उभयतांमधील दळणवळण ज्याच्या अखत्यारीत आहे, त्या इंधनपंपाने राजीनामा दिलेला असतो. अशा प्रसंगी वाहनधारकाने कसे वर्तावे, यासंबंधी मराठीत समाधानकारक वाङ्मय नसल्यामुळे प्रस्तुत मार्गदर्शन सादर करीत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की पंपावर अद्याप केवळ संशय आहे. आपल्या मुलखात आधी पंप बदलायचा, मग बिल चुकते करायचे आणि तदनंतर फ्यूज पाहायचा अशी वहिवाट आहे. ती जुनी असली तरी शास्त्रास धरून नाही. पंप टाकीत बसविलेला असेल, तर किल्ली फिरविताच सीटच्या मागून दोनएक सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज यावयास हवा. न आल्यास फ्यूज, रिले आणि अर्थिंगची तार या तिघांची जबानी घ्यावी, व मीटरची दोन टोके पंपाच्या सॉकेटला लावून किल्ली फिरवितेवेळी तेथे बारा व्होल्ट पोहोचतात की नाही, याचा पंचनामा करावा. वीज पोहोचते आणि पंप मूक राहतो, तर पंप दोषी. वीजच पोहोचत नसेल, तर तो निरपराध आहे, आणि त्यास बडतर्फ करणे अन्यायाचे होईल.

दोष शाबीत झाल्यावर पंपाचे कुळ ओळखावे. जुन्या फियाटमध्ये, म्हणजे पुढे जिला आपण पद्मिनी म्हणू लागलो त्या गाडीत, पंप इंजिनाच्या कुशीला बसलेला असतो. कॅमशाफ्टच्या धक्क्याने त्यातील रबरी पडदा खाली-वर होतो आणि पाव बारच्या आसपास दाबाने पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन तो अडला, की त्यावर ओले फडके टाकून झाडाखाली स्वस्थ बसणे, हा जळगावच्या उन्हाळ्यातील सर्वमान्य उपचार होय. संस्थानिकांच्या जमान्यातील एमजीसारख्या इंग्रजी गाड्यांत एसयू कंपनीचा विजेवर टिकटिक करणारा पंप असतो. त्याचे कॉन्टॅक्ट पॉइंट झिजले म्हणजे टिकटिक थांबते आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन हलक्या टिचक्या मारल्यास तो भानावर येतो. परंतु भारतात घडलेली खरीखुरी स्पोर्ट्स कार म्हणावी, तर ती गोव्याच्या सॅन मोटर्सने 1998 च्या सुमारास आणलेली सॅन स्टॉर्म. दोन आसनांची, फायबरच्या कायेची, आणि पोटात रेनोचे 1149 घन सेंटिमीटरचे, सुमारे 60 अश्वशक्तीचे इंजिन. हे इंजिन इंजेक्शन पद्धतीचे असल्यामुळे त्यास तीनएक बार दाब लागतो, म्हणजे फियाटच्या दसपट वा त्याहूनही अधिक. कुळे ओळखल्याविना पंपांची सोयरीक जुळवू नये, याचे कारण हेच. इंजेक्शनचा पंप कार्बोरेटरवर सोडला तर फ्लोटची सुई तो दाब आवरू शकत नाही, आणि पेट्रोल जेथे जाऊ नये तेथे जाते. उलट कार्बोरेटरचा पंप इंजेक्शनला जोडला, तर इंजिन केवळ सुस्कारे टाकते.

आता बाजार. जळगावी अजिंठा चौफुलीकडे अथवा धुळ्यात आग्रा रोडला पंप मागितल्यास दुकानदार प्रथम तो किती एचपीचा, असे विचारण्याची शक्यता आहे, कारण केळीच्या बागायतीला पाणी पाजणाऱ्या पंपाइतकी प्रतिष्ठा अन्य कोणत्याही पंपास या जिल्ह्यात लाभलेली नाही. गैरसमज दूर झाल्यावर फडताळाच्या वरच्या कप्प्यातून धुळीने माखलेला एक खोका खाली येतो, फुंकर मारली जाते आणि आश्वासन मिळते, ‘वरिजिनल शे भाऊ, डोया झाकीसन लई जा.’ येथे डोळे उघडे ठेवावेत.

अस्सल आणि बनावट यांचा निवाडा करण्याचे शास्त्र धुळेकरांना कोणी नव्याने शिकविण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी 1926 च्या अखेरीस याच शहरी देह ठेवला, आणि गावोगाव हिंडून त्यांनी गोळा केलेली दप्तरे त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जतन झाली. जुना कागद हाती आला म्हणजे संशोधक काय पाहतो? कागदाची जात, शाईचा रंग, अक्षराचे वळण, शिक्कामोर्तब, मिती आणि वार यांचा मेळ. आणि सर्वांहून महत्त्वाचे, तो कागद कोणाच्या दप्तरात, कोणत्या मार्गाने आला. पंपाला हीच कसोटी जशीच्या तशी लावावी. अस्सल पंपाच्या धातूच्या अंगावर कंपनीचे नाव व क्रमांक कोरलेले असतात, आणि बनावटीवर बहुधा बोटाने घासताच पुसली जाणारी शाई असते. नावातील अक्षरे एकेक करून वाचावीत, कारण नकलाकाराची नियत कितीही पक्की असली, तरी त्याचे स्पेलिंग कच्चे असते. ओतीव भागाच्या कडा बोचतात काय, टर्मिनलचे पितळ पातळ आहे काय, सोबतची जाळी सैल बसते काय, हेही पाहावे.

मितीचा मेळ हा तर खास रंजक भाग आहे. समजा, दुकानदाराने सांगितले की माल 1999 सालचा, न उघडलेला, कंपनीच्या वेळचा. खोका हाती घेऊन छापील किंमत पाहावी. तेथे रुपयाचे हल्लीचे चिन्ह असेल, तर नम्रपणे खोका परत करावा, कारण ते चिन्ह सरकारने 2010 साली स्वीकारले. जीएसटीचा उल्लेख असेल, तर ती सनद 2017 च्या आधीची असणे शक्य नाही. आणि क्यूआर कोड असेल, तर छापणाऱ्याच्या धैर्याचे कौतुक करून निघून यावे. (मागाहून डकविलेल्या चिठ्ठीची गोष्ट निराळी, येथे पुठ्ठ्यावरील मूळ छपाईविषयी चालले आहे.) नव्या मालावर मात्र 2011 च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे उत्पादकाचे अथवा आयातदाराचे नाव, पत्ता, महिना, वर्ष आणि किंमत असलीच पाहिजे. नसल्यास तो माल बेवारस समजावा. खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्यास 1999 च्या कायद्याने सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु खटल्याचा निकाल लागेपर्यंत गाडी पारोळ्याजवळच उभी राहील, हेही विसरू नये.

जळगावकर ग्राहकाचे तर विशेष नवल वाटते. सराफ बाजारात अर्ध्या तोळ्याच्या अंगठीवरील सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक जो भिंग लावून वाचतो, कॅरेटवरून सराफाशी तासभर हुज्जत घालतो आणि पावती घेतल्याशिवाय उठत नाही, तोच सद्गृहस्थ पंप मात्र मिस्त्रीच्या शपथेवर, पावतीविना, पिशवीत घालून घरी नेतो.

येथवर आलेल्या वाचकास एक कटू सत्य सांगणे भाग आहे. अस्सलपणा सिद्ध झाला म्हणजे उपयुक्तता सिद्ध झाली, असे नव्हे. पंचवीस वर्षे खोक्यात निजलेल्या निखालस अस्सल पंपाचे रबर कडक होते, आतील सील आटतात, आणि तो बसविल्यावर पंधरवड्यात निवर्ततो. त्यातच आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही, ते फुगते वा चिरते. म्हणून वस्तुसंग्रहालयास देणगी द्यावयाची नसेल, तर जुन्या मालाचा मोह सोडावा. शिवाय सॅन स्टॉर्मसारख्या गाडीत ‘कंपनीचा पंप’ या शब्दप्रयोगाला फारसा अर्थ नाही, कारण मोटारी बनविणारे बहुधा पंप बनवीत नाहीत. ते पंपवाल्याकडून घेतात. तेव्हा जुन्या पंपाच्या अंगावरील निर्मात्याचे नाव व क्रमांक उतरून घ्यावा, आणि त्याच दाबाचा, तितक्याच प्रवाहाचा, इथेनॉल सोसणाऱ्या सीलचा, नामांकित निर्मात्याचा आजचा पंप अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावा. मिस्त्री ‘मारुतीचा बसवून देतो’ म्हणाला, तर रागावू नये. दाबाचा आकडा विचारावा. आकडा सांगता आला, तर तो मिस्त्री जपण्यासारखा आहे.

बसविल्यावर दाबाचा गेज लावूनच ताबा घ्यावा. परतीच्या नळीचे पेट्रोल मापाच्या बाटलीत धरून मिनिटागणिक किती येते, तेही पाहावे. मात्र हा विधी उघड्यावर, बॅटरीपासून दूर आणि मिस्त्रीच्या कानावरची विडी आपल्या खिशात जमा करून घेतल्यानंतरच करावा. टाकीत गंज असेल तर आधी टाकी धुवावी आणि फिल्टर बदलावा, नाहीतर नवा पंपही जुन्याच्या वाटेने जातो. टाकीतला पंप पेट्रोलातच बुडून थंड राहतो, म्हणून पाव टाकीच्या खाली काटा जाऊ देऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत तर नाहीच नाही.

उरला खोका. अस्सल पंपाचा रिकामा, शाबूत खोका भंगारवाल्यास देऊ नये, कारण बनावट मालाला याहून चांगले वेष्टन कोठे मिळणार? हमीची मुदत संपेपर्यंत तो घरी ठेवावा, त्यानंतर त्यावरील होलोग्राम खरवडून पुठ्ठा फाडून टाकावा, आणि पावती तेवढी गाडीच्या कागदपत्रांत लावून ठेवावी.