कॉफीचा लीड टाइम

चाकणच्या तळेगाव चौकात गाडी अडकली की जगातलं कुठलंही काम सावकाश करता येतं. मी तिथे मटार सोलले आहेत, स्वेटरचा गळा उतरवला आहे, आणि मुलगी लहान असताना तिच्याकडून इतिहासाचा अख्खा धडा पाठ करून घेतला आहे. धडाही त्याच गावचा होता. 1660 साली शाइस्तेखानाच्या एवढ्या मोठ्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्याने संग्रामदुर्गापाशी जवळजवळ दोन महिने रोखून धरलं, असं मी सांगितल्यावर पोरीने काचेबाहेरच्या कंटेनरकडे बघत विचारलं होतं, ‘‘पण चाकणमधून लवकर पुढे कोण जातं?’’

गंमत अशी, की याच रस्त्यावरून डावीकडे कंपनीच्या गेटात वळलं की आत मिनिटा-दीड मिनिटाला एक गाडी तयार होऊन बाहेर पडते. आमचे हे तिथे प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहेत. गेटाबाहेर दीड तास सहन करणारा हा माणूस गेटाच्या आत दीड मिनिट सहन करत नाही. आणि ते आत शिकलेलं सगळं घरी आणतात. आमच्या तांदळाच्या डब्याला आतून लाल रेघ आहे. तांदूळ रेघेखाली गेला की मी दुकानात फोन करायचा, याला कानबान म्हणतात. माझ्या सासूबाई हेच काम डबा हलवून, आवाजावरून करायच्या. पोळ्यांचाही यांनी एकदा सायकल टाइम काढला होता. एकदाच.

यांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली आणि ‘कुठेतरी निवांत जाऊन या’ म्हणाले. आमच्याकडे निवांत म्हणजे लोणावळा. म्हणजे चाकणच्या रांगेतून सुटून घाटाच्या रांगेत उभं राहायचं आणि मधे भजी खायची. यांच्या ऑफिसातली तरुण मंडळी मात्र कूर्ग-चिकमगळूरला जातात, कॉफीच्या मळ्यात झोपाळ्यावर बसून फोटो पाठवतात. यांनाही तेच हवं होतं. मी म्हटलं, ‘‘कॉफीच बघायची तर कर्नाटकात कशाला? माझ्या माहेरच्या डोक्यावर पिकते की.’’ माझं माहेर परतवाड्याचं. वर घाट चढून गेलं की चिखलदरा. उंची सुमारे 1,100 मीटर, आणि इंग्रजांच्या काळापासून तिथे कॉफी आहे. हे ऐकून सोसायटीतल्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू भोसरीत सफरचंदाची बाग असल्याचं सांगितलं. विदर्भ म्हणजे ऊन, एवढं पक्कं झालेलं असतं.

डिसेंबरअखेर प्लांटचा शटडाउन असतो, तेव्हा निघायचं ठरलं. यांनी एक्सेल शीट केली. त्यात एक ओळ होती : ‘8.00 ते 9.30 – निवांत बसणे. जबाबदारी – दोघेही.’ शेजारच्या रकान्यात ‘झाले / नाही झाले’.

समृद्धी महामार्गावर गाडी ताशी 120 ने गेली आणि चाकण-शिक्रापूर रस्त्यावर घालवलेला वेळ भरून निघाला, म्हणून हे खूश होते. ती खुशी परतवाड्याला संपली. आमच्याकडे जावई आला की आधी पाणी, मग चहा, मग संत्री, मग ‘जेवूनच जा’. आईने पातोड्यांची भाजी करायला घेतली तेव्हा शीटप्रमाणे आम्ही घाटात असायला हवे होतो. हे चुळबुळायला लागले, तशी आई म्हणाली, ‘‘जावईबापू, काहून घाई करून राहिले? चिखलदरा कुठी पळून जाते का? कीचकाले मारलं तवापासून तिथीच हाये.’’

भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकला आणि भीमकुंडात हात धुतले, त्यावरून गावाला नाव पडलं असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. इंग्रजांच्या कागदांत शोधाचा मान 1823 साली आलेल्या कॅप्टन रॉबिन्सनला. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोरकूंना हे ठिकाण सापडलेलंच होतं, पण त्यांनी रिपोर्ट सादर केला नव्हता.

घाटात सागाचं जंगल लागलं. हे मेळघाट, 1973-74 मध्ये देशात पहिल्यांदा जे नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांतलं एक. गाविलगडावर मात्र यांना आपलं माणूस भेटलं : आर्थर वेलस्ली. 1803 च्या डिसेंबरात त्याच्या सैन्याने या डोंगरांतून अवजड तोफा ओढून वर चढवल्या आणि 15 तारखेला किल्ला घेतला. ढासळलेल्या तटाकडे बघून मला वाईट वाटत होतं, आणि शेजारी उभं राहून हे म्हणत होते, ‘‘पण लॉजिस्टिक्स काय असेल!’’ मी यांना त्या दिवशीपुरतं इंग्रजांच्या बाजूला सोडून दिलं.

कॉफी पंचबोल पॉइंटकडे. मोठ्या झाडांच्या सावलीत, माणसाच्या उंचीची गर्द हिरवी झुडपं, आणि फांदीला चिकटून लाल-पिवळी-हिरवी फळं. एक म्हातारेबाबा टोपलीत फळं खुडत होते. यांनी लगेच त्यांचं ऑडिट सुरू केलं.

‘‘फुलापासून फळ पिकायला किती वेळ?’’

‘‘आठ-नऊ महिने.’’

‘‘आणि रोप लावल्यापासून?’’

‘‘तीन-चार वर्सं त लागतेच.’’

‘‘मग एका झाडाची फळं एकदम उतरवता?’’

‘‘नाही जी. पिकलं थेच तोडाचं. बाकीच्यासाठी पुन्हा याचं.’’

म्हणजे बॅच नाही. पुढे तर आणखी कठीण. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो बी निघतं, ते भाजताना त्याचंही वजन घटतं. यांचा चेहरा उतरत गेला. असा सप्लायर कंपनीने पहिल्याच फेरीत बाद केला असता. शेवटी धीर करून यांनी विचारलं, ‘‘बाबा, तुम्ही दिवसाला किती कप पिता?’’

‘‘मी त चहाच पेतो जी.’’

पंचबोलला दरीत हाक मारली की पाच वेळा उलटून येते म्हणतात. यांना ते तपासायचं होतं. कठड्याशी जाऊन छाती भरून यांनी हाक मारली ती सवयीचीच, ‘‘अगंऽऽ!’’ डोंगरांनी ‘अगं, अगं, अगं’ म्हणायला सुरुवात केली. वर्षानुवर्षांची सवय माझीही, तोंडातून निघून गेलं, ‘‘ओऽ, आले!’’ मग डोंगर एकदम दोघांचा संसार करायला लागले आणि मोजणी फिसकटली. ‘‘मधे कशाला बोललीस? तीनच मोजता आले. साठ टक्के!’’ मी म्हटलं, ‘‘घरी एकाच हाकेला ओ मिळते, तेव्हा मोजता का?’’

संध्याकाळी हॉटेलात कॉफी मागवली. दुधाळ, भरपूर फेसाची, वर चिमूटभर पूड भुरभुरलेली, म्हणजे लग्नाच्या मांडवात मिळते तीच. वेटर म्हणाला, इथली पावडर बाजारात मिळते, पण टुरिस्टला हीच लागते. मग बाजारात निघालो. कॉफीच्या पुड्या घेतल्या. पण दुकानाशेजारी कढईत दूध आटत होतं, आणि यांची पावलं तिथे थांबली.

चिखलदऱ्याचा खवा आणि रबडी आमच्याकडे कॉफीपेक्षा मोठी. गाविलगडाचं नावच गवळ्यांवरून पडलं, एवढा इथे दुधाचा मान. कढईपाशी बसलेला माणूस साय धरली की ती हळूच कडेला लावत होता. पुन्हा वाट बघायची, पुन्हा साय, पुन्हा कडेला. अधूनमधून एक लाकूड मागे ओढायचं. बस्स. हे बाकावर बसले. मीही बसले. यांनी काही विचारलं नाही. घड्याळाकडे पाहिलं नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर त्याचंही टार्गेट ठरलं असतं.

तेवढ्यात यांचा फोन वाजला. प्लांटमधून होता. मेंटेनन्सच्या वेळापत्रकात काहीतरी घोळ झाला होता आणि लगेच कॉलवर या म्हणत होते. फोन कानाला लावूनही यांची नजर कढईवरच.

‘‘आत्ता जमणार नाही,’’ हे म्हणाले. ‘‘क्रिटिकल प्रोसेसला उभा आहे.’’

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

‘‘अजून तासभर तरी. नाही, नाही, फास्ट करता येत नाही. खाली लागेल.’’