सहावा गठ्ठा

अण्णांचा लॅपटॉप कधी बंद होत नाही. झाकण मिटतं, इतकंच. विंडोजने रात्रीतून परस्पर अपडेट घेऊन मशीन रीस्टार्ट केलं, तर सकाळी अण्णा चहाला हात न लावता क्रोमसमोर बसतात आणि कंट्रोल-शिफ्ट-टी दाबत राहतात. गेलेली खिडकी एकेक करून परत येते. सगळ्या आल्याची हजेरी झाली, की मग गार झालेला चहा.

खिडक्या सहा. पाच चालणार नाहीत आणि सात तर नाहीच नाही. अण्णा जिल्हा परिषदेतून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि येताना सहा गठ्ठे पद्धत सोबत घेऊन आले. ज्यांचा सरकारी कचेरीशी संबंध फक्त दाखल्यापुरता आला, त्यांच्यासाठी सांगतो: टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे. कार्यवाहीतली प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं, आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. त्यातही वर्गवारी आहे. 'अ' वर्गाचा कागद कायम जपायचा, 'ब' वर्गाचा तीस वर्षं, 'क'चा दहा, 'क-१'चा पाच, आणि 'ड'चा एक वर्षाने निकाल. पद्धत उत्तम आहे. राबवणारा माणूस मात्र असा हवा, की ज्याला एखादा कागद 'ड' वाटू शकतो.

क्रोममध्ये खिडकीला नाव देता येतं, हे आमच्या सोसायटीतल्या आयटीवाल्या पोरांनाही ठाऊक नव्हतं. अण्णांनी शोधून काढलं. पहिल्या खिडकीत विजेचं बिल, मालमत्ता कर, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. तिसरीत पंचांग, हवामान, दोन वर्तमानपत्रं आणि खडकवासल्याचा पाणीसाठा. चौथी स्थायी आदेशांची. तिथे निवृत्तिवेतनाचे शासन निर्णय आहेत आणि त्यांच्याच रांगेत डिंकाच्या लाडवांची कृतीही आहे, कारण ती काकूंनी एकदा कायम केली आणि नंतर कोणी बदलली नाही. पाचवीत वाचायचे लेख. सहाव्या खिडकीत एकच टॅब, तोही कोरा.

खरा संसार दुसऱ्या खिडकीत. प्रतीक्षाधीन! अण्णा ज्या वॉशिंग मशीनची किंमत उतरायची वाट पाहत होते, ते मॉडेल कंपनीने बनवणंच थांबवलं. काकूंनी तोवर दुसरं आणलं, तेही एकदा दुरुस्त झालं. टॅब प्रतीक्षेत आहे. पुतण्याने विचारलेल्या कॉलेजांचे टॅब आहेत. पुतण्या आता नोकरीला आहे. "कळवतो म्हणाला होता," अण्णा म्हणतात, "त्याचं उत्तर आल्याशिवाय प्रकरण बंद कसं करू?" या खिडकीत टॅब इतके दाटले आहेत, की नावं केव्हाच दिसेनाशी झाली, वर फक्त चिमुकल्या चित्रांची रांग उरली आहे. अण्णांना फरक पडत नाही. "निळ्यांमधला तिसरा, बँकेच्या अलीकडचा," असं पुटपुटत ते अचूक जागी पोचतात. बुकमार्क करून ठेवा, असं मी एकदा सुचवलं. अण्णांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बुकमार्क केलेलं पान तुम्ही शेवटचं कधी उघडलंत, खजिनदार?"

फोनवर क्रोम उघड्या टॅबांचा आकडा एका चौकोनात दाखवतं आणि नव्व्याण्णवच्या पुढे गेलं, की आकडा सोडून देतं आणि हसऱ्या चेहऱ्याची खूण दाखवतं. अण्णांना बरेच दिवस ती शाबासकी वाटत होती.

ईमेलच्या बाबतीत मात्र मी अण्णांची बाजू घेतो. १ एप्रिल २००४ ला गूगलने जीमेल जाहीर केलं, तेव्हा हॉटमेल दोन एमबी जागा देत होतं आणि हे म्हणाले एक जीबी. तारीख पाहून अनेकांना एप्रिल फूलच वाटलं. गूगलचा तर दावाच होता, की आता पुसायची गरज नाही, ठेवा आणि शोधा. सुरुवातीला डिलीटचं सुटं बटणसुद्धा दिलं नव्हतं. तेव्हा निमंत्रण असल्याशिवाय खातं मिळत नसे. अण्णांना ते मुलाच्या मित्राकडून मिळालं. आयुष्यभर ज्याने अभिलेखांचा निकाल लावण्याच्या सक्तीखाली नोकरी केली, त्याला निवृत्तीच्या तोंडावर कोणीतरी सांगितलं, की सगळंच 'अ' वर्ग. अण्णांनी ते शासन निर्णयासारखं मनावर घेतलं. बँकेचे ओटीपीसुद्धा जपले आहेत.

सूनबाई दुसऱ्या पंथाची. मर्लिन मान नावाच्या अमेरिकन माणसाने रूढ केलेला 'इनबॉक्स झीरो' ती पाळते. तिच्या इनबॉक्समध्ये संध्याकाळी काही शिल्लक नसतं. "आमच्याकडेही झिरो पेंडन्सी आली होती," अण्णा म्हणाले, "गठ्ठे बांधले, फोटो काढले, सोडले." तरी एका रविवारी सासऱ्यांवर उपकार म्हणून तिने त्यांचा इनबॉक्स सगळा निवडला आणि अर्काइव्हचं बटण दाबलं. अण्णा घरातल्या चपला घालून माझ्या दारात उभे राहिले. आवाज फुटत नव्हता. मागोमाग सूनबाई आली, म्हणाली, "बाबा, काही गेलं नाहीये, 'ऑल मेल'मध्ये आहे. अभिलेख कक्षात पाठवलंय समजा." अण्णांना शब्द सापडले: "पाचवा गठ्ठा पाठवायला कक्ष अधिकाऱ्याची सही लागते!"

त्यांना हसणाऱ्यांची तोंडं सोसायटीच्या वार्षिक सभेत बंद झाली. लिफ्टच्या देखभालीचा ठेकेदार ठामपणे सांगत होता, की मोटरची हमी कराराबाहेर आहे. सेक्रेटरी या नात्याने अण्णांनी लॅपटॉप सभागृहातल्या टीव्हीला जोडला. दुसरी खिडकी त्रेपन्न इंची पडद्यावर पसरली आणि सभासदांनी लिफ्ट विसरून टॅब वाचायला सुरुवात केली. गुडघ्याचे व्यायाम, केस परत येतात का, मागच्या रांगेतून कोणीतरी "येत नाहीत" असं सांगितलंही. अण्णा विचलित झाले नाहीत. त्यांनी शोधाच्या चौकटीत ठेकेदाराचा पत्ता आणि 'मोटर' इतकंच टाइप केलं आणि २०१६ ची मेल समोर आली. हमी सात वर्षं, खाली त्याच माणसाचं नाव आणि एक फुलांच्या गुच्छाचं चित्र. ठेकेदाराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मेल तीच होती. त्या दिवसापासून सोसायटीत कोणी अण्णांना काही पुसायला सांगत नाही.

सांगितलं ते गूगलनेच. पंधरा जीबी भरत आले, मेल येणं थांबेल. ज्यांनी पुसू नका म्हटलं त्यांनीच ही नोटीस काढावी, यावर अण्णांनी मला पाऊण तास सुनावलं. मी गूगलचाही खजिनदार असल्यासारखं. शेवटी सूनबाईने दहा एमबीहून जड मेल शोधून दिल्या आणि सांगितलं, बाबा, न वाचता पुसा. अण्णा वाचून पुसू लागले. म्हणजे वाचू लागले. सर्वांत जड मेल निघाली जुन्या कचेरीतल्या सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाची, पत्रिकेचे सहा फोटो जोडलेली, २०११ ची. उत्तर दिलेलं नव्हतं. अनुत्तरित पत्र सहाव्या गठ्ठ्यात टाकणं नियमात बसत नाही. अण्णांनी तिथल्या तिथे लिहिलं: निमंत्रण पोचले, विलंबाबद्दल क्षमस्व, वधूवरांस अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन दिवसांनी उत्तर आलं. आशीर्वाद पावले, नातवाची मुंज आहे, सहकुटुंब येणे. सोबत पत्रिकेचे आठ फोटो, अकरा एमबी. मुंज मे महिन्यात आहे, आणि काकूंच्या गुडघ्यावर प्रवास अवलंबून असल्याने प्रकरण सध्या दुसऱ्या खिडकीत आहे.